हिरव्या पट्ट्यातलं वजन

त्या वर्षी मी वाळत चालले होते आणि भेटेल तो माझं अभिनंदन करत होता.

माझं माहेर वडूजकडचं, कोरडवाहू मुलखातलं. तिकडची माणसं मुळातच काटक. एखादीच्या अंगावर मूठभर मांस चढलं तर बायका कौतुकानं म्हणतात, 'भरलीस गं, सुखात हायस.' लग्न करून मी आष्ट्याला, उसाच्या पट्ट्यात आले. हायस्कूलमध्ये मराठी शिकवायला लागले, लेक झाली, आणि मीही हळूहळू सुखात पडत गेले. चाळिशीला येईपर्यंत सुख जरा जास्तच झालं. स्टाफरूममध्ये चहाबरोबर बिस्किटांची बशी माझ्यापुढं आली की कुणीतरी हसायचंच. मी मुद्दाम दोन उचलायची.

मग काही एक न करता माझं वजन उतरायला लागलं.

ते माझ्या ध्यानात यायला बराच वेळ लागला, आणि त्याला कारण शिंपी. आमच्याकडं बाईमाणसाला टेप लावून माप घ्यायची पद्धत नाही. अंगाला नीट बसणारा एक जुना ब्लाउज शिंप्याकडं टाकायचा, त्याला मापाचा ब्लाउज म्हणायचं, आणि त्याच्यावरून पुढचे सगळे शिवून घ्यायचे. माझा डाळिंबी रंगाचा मापाचा ब्लाउज बाजारातल्या मास्तरांच्या दुकानात वर्षानुवर्षं पडून होता. माझ्यापेक्षा त्यांचीच त्याच्याशी जास्त ओळख. दिवाळीचे ब्लाउज शिवून आले ते खांद्यावरून उतरायला लागले. मी तडक दुकानात गेले.

"मास्तर, चष्मा बदला आता. पोतं शिवलंय का ब्लाउज?"

मास्तरांनी शांतपणे मापाचा ब्लाउज काढला, नव्यावर पसरला, कडा जुळवून दाखवल्या. "ताई, सूतभर फरक न्हाई. तुमीच बघा की."

फरक नव्हता. तरीही मी त्यांच्याशी भांडले. त्यांनी बिचाऱ्यांनी बाजूची शिलाई आत घेऊन दिली. संक्रांतीला तेही ढिले झाले. मग मी रागानं मापाचा ब्लाउज परत घेतला आणि पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्या शिंप्याकडं नेऊन टाकला. त्यानंही ढगळच शिवला. आष्ट्यातल्या झाडून सगळ्या शिंप्यांचा हात बिघडलाय, असा मी निकाल देऊन टाकला. आपलं अंग बदललं असेल हे डोक्यातच येईना, कारण मापाचं अंग तर शिंप्याच्या खुंटीला टांगलेलं होतं.

अंग बदललंय हे मला सांगितलं सांगलीतल्या एका दुकानानं. लेक त्या वर्षी अकरावीत होती, रोज एसटीनं सांगलीला कॉलेजला जायची. तिच्यासाठी कपडे घ्यायला गेलो होतो. मी आपली सवयीनं 'एक्सेल दाखवा' म्हणाले, तर काउंटरवरच्या मुलीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, तुम्हाला एम बसेल." मला वाटलं, गिऱ्हाईक खूश करायची युक्ती असेल. तर खरंच बसला. शेजारच्या दुकानात एल बसला, त्याच्या पुढच्या दुकानात पुन्हा एम. एकाच गल्लीत, एकाच दुपारी मी जाड-बारीक-जाड होत होते. एका दुकानदारानं तर हसत सांगितलं, "ताई, आमची कंपनी कापड सढळ हातानं सोडते आणि चिठ्ठी लहान लावते. गिऱ्हाईक आनंदात जातं." मला हसू आलं. पण खोटं का बोलू, मीही आनंदातच निघाले होते.

माझ्या लेकीसाठी मात्र तिथं काहीच नव्हतं. ती अंगानं बापावर गेलेली, रुंद खांद्याची, भरल्या दंडांची. ट्रायल रूममध्ये ढीगभर कपडे घेऊन जायची आणि ढीगच्या ढीग परत आणून ठेवायची. "रंग नाही आवडला," म्हणायची. सगळ्यांचेच रंग कसे आवडत नाहीत, हे मी विचारलं नाही. शेवटी तिनं माझाच नव्या कुर्त्यातला फोटो काढला आणि मोबाइलवर स्टेटसला टाकला. घरी येईपर्यंत तिच्या मैत्रिणींच्या बदामांनी तो भरून गेला. एसटीत ती मला एकेक वाचून दाखवत होती. "आई, बघ, म्हणतात तुझी बहीण वाटते." तिला माझा अभिमान वाटत होता, आणि मला गरगरत होतं. खिडकीतून गार वारा येत असताना माझ्या पाठीवरून घामाचे ओघळ चालले होते.

कारण बारीक होणं ही सगळ्यात बिनत्रासाची गोष्ट होती. बाकीचं कुणाला दिसत नव्हतं. माझ्या पायाला भिंगरी लागली होती. एका जागी बूड टिकत नव्हतं. पेपर तपासायला बसले की चार पेपर झाले नाहीत तोवर उठून भांडी घासायला लागायची, भांडी अर्धी टाकून कपाट आवरायला. माघातल्या थंडीत सासूबाई वाकळ ओढून बसायच्या आणि मी पंख्याखाली. हात थरथरायचे. फळ्यावर लिहिताना वेलांट्या वाकड्या व्हायला लागल्या, आणि पोरांना ते माझ्याआधी कळलं. छाती अशी धडधडायची की आपण आत्ताच जिना चढून आलो की काय असं वाटावं, आणि मी तर खुर्चीत बसलेली असायची. आणि भूक! पहाटेपासून भूक. भाकरीवर भाकरी.

"आगं, खातीस तर बकासुरावानी," सासूबाई म्हणायच्या, "आन् जातंय कुठं समदं? अंगाला कायबी लागंना बघ तुज्या." त्यांना माझं बारीक होणं पसंत नव्हतं एवढाच काय तो आधार. पण त्यांचं निदान ठरलेलं होतं. स्टेटसवरच्या फोटोला कुणाची तरी नजर लागली. त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या, लेकीला फोटो काढून टाकायला लावला. मिरच्यांचा ठसका लागून माझी छाती आणखीनच धडधडली.

मला भीती वाटत होती, ती स्पष्टच सांगते. माहेरी आमच्या शेजारची एक बाई अशीच वाळत गेली होती. तिलाही सुरुवातीला सगळ्या म्हणायच्या, 'बरी बारीक झालीस.' पुढं तिच्या अंगावरचं लुगडं तिच्यापेक्षा जड दिसायला लागलं आणि मग ती गेलीच. ती बाई मला आरशात दिसायची. आपल्या आत काहीतरी मोठं बिघडलंय, आपण मरणार आहोत, नवरा लांब फौजेत आणि पोर अजून कॉलेजात, आणि हे कुणीतरी एकदा आपल्याकडून नीट ऐकून घ्यावं, एवढंच मला त्या दिवसांत हवं होतं.

मी गावातल्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी रक्तदाब बघितला, वय विचारलं, आणि म्हणाले, "पाळी जायचं वय जवळ आलं की असं होतं. टेन्शन कमी करा. बाकी वजन तर झकास आणलंय." मी म्हणाले, "आणलं नाही, आपोआप गेलंय." ते हसले. पुढचा पेशंट दारात उभा होता.

मग शाळेत आरोग्य तपासणी झाली. पोरांची झाल्यावर शिक्षकांनाही काट्यावर उभं केलं. भिंतीवर तक्ता लावला होता, एका बाजूला उंची, एका बाजूला वजन, मध्ये रंगांचे पट्टे. निळा म्हणजे हडकुळा, हिरवा म्हणजे बरोबर, पिवळा म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे झालंच. गेल्या खेपेला मी पिवळ्याच्या पार टोकाला, लालाच्या उंबऱ्यावर होते. तपासणीला आलेल्या तरुण मुलीनं आकडे टाकले आणि मान वर करून जवळजवळ ओरडलीच, "मॅडम, बीएमआय एकदम परफेक्ट! हिरव्याच्या मधोमध!" स्टाफनं टाळ्या वाजवल्या.

मी तिला बाजूला घेऊन सांगितलं. छाती, हात, घाम, भूक, सगळं. तिनं ऐकल्यासारखं केलं आणि पुन्हा तक्त्याकडं बघितलं. "पण बीएमआय नॉर्मल आहे ना मॅडम. पाणी भरपूर प्या."

मुख्याध्यापकांना तर उत्साहाचं भरतं आलं. सोमवारी परिपाठाला 'निरोगी वजन' या विषयावर मी दोन शब्द बोलावेत, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. इतकी वर्षं शिकवलेली बाई मी, मला माइकची कसली भीती? पण सगळ्या शाळेपुढं उभी राहिले आणि हातातला कागद वाऱ्यात धरावा तसा फडफडायला लागला. काय बोलले ते मला आठवत नाही. ताक प्या, असं काहीतरी बोलले असेन. खाली उतरल्यावर एक सहकारी मैत्रीण कानात म्हणाली, "कौतुकाची सवय नाही गं तुला." मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. त्या दिवसांत मला कुणाच्याही थोबाडीत द्यावीशी वाटायची.

अशात आमचे हे सुट्टीवर आले. आले ते तोंड पाडूनच. फौजेत वार्षिक मेडिकल झालं होतं आणि त्यांना जाड ठरवलं होतं. वजन उतरवून पुन्हा मेडिकल दिलं नाही तर बढती अडकणार होती. हा माणूस तरुणपणी तालमीतला. गावोगावच्या जत्रेत कुस्त्या मारलेला. मान बैलाची, मांड्या खांबाच्या. आजही खताचं पोतं एका झटक्यात खांद्यावर घेऊन मळ्याच्या वस्तीपर्यंत चालत जायचे आणि तिथं पोचून वर गप्पा मारायचे. त्यांच्या तक्त्यालाही उंची आणि वजन एवढंच कळत होतं. ते वजन कशाचं, हे विचारायची सोय त्यात नव्हती. आता, पोटही जरा सुटलं होतं, ते काही ते कबूल करायचे नाहीत. पण लाल पट्ट्यात घालावं एवढं नक्कीच नव्हतं.

"मला लाल आन् तुला हिरवा," ते म्हणाले. "तू काय खातीस ते मला सांग बघू. उद्यापासनं तेच खानार."

"माझ्याएवढं खाल्लंत तर ट्रकमध्ये घालून न्यावं लागेल तुम्हाला," मी म्हणाले.

त्यांना ते पटेना. दोन दिवस त्यांनी माझ्या ताटाकडं लक्ष ठेवलं. तिसऱ्या दिवशी जेवताना हातातला घास तसाच ठेवून म्हणाले, "आयला, ह्या बाईचं पोट हाय का विहीर?" आम्ही सगळे हसलो. पण ते अधूनमधून माझ्याकडं बघत राहिले.

सकाळी आम्ही दोघं मळ्याच्या रस्त्यानं चालायला जायचो. दोन्ही बाजूला ऊस, तोडणी चालू, ट्रॅक्टरांची धूळ. मी पुढं आणि ते मागं. मला हळू चालताच येत नव्हतं. "आगं ए, परेड हाय का काय? दमानं की," ते मागून ओरडायचे. वाटेत भेटणारे त्यांनाच टोमणे मारायचे, "गड्या, बायकोच्या मागं पळतोस व्हय रं?" ते हसण्यावारी न्यायचे. मी थांबायची तेव्हा माझ्या कानात कुणीतरी ढोल बडवत असायचं. तेही मी त्यांना सांगितलं होतं. "सवय न्हाई चालायची," एवढंच म्हणाले.

एका रविवारी दुपारी अंगणात लेकीला ते फौजेतल्या गोष्टी सांगत होते. जाड कोण आणि बारीक कोण यावरून दम ठरत नाही, असं त्यांचं म्हणणं. पळून आल्यावर नाडी किती लवकर खाली येते त्याच्यावरून माणूस कळतो. लेकीला पटेना. मग म्हणाले, "चल, बघूच." दोघंही गेटपासून कोपऱ्यावरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत पळून आले. त्यांनी आधी स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवून घड्याळात बघितलं, मग लेकीच्या. थोडं थांबून पुन्हा दोघांची. लेकीची नाडी त्यांच्याआधी खाली आली. त्यांचा चेहरा उजळला. "काळीज हाय का इंजिन तुजं! एक लंबर. माज्या कंपनीत असली पोरं न्हाईत."

लेक ओढणीनं घाम पुसत म्हणाली, "पप्पा, काळीज कुणाला दिसतं?"

ते काही बोलणार, तेवढ्यात त्यांची नजर माझ्याकडं गेली. मी पायरीवर बसून मेथी निवडत होते. बराच वेळ तिथंच बसलेली. "आन हात," म्हणाले. मी मेथीचा हात तसाच पुढं केला. त्यांनी बोटं ठेवली, घड्याळात बघितलं. मग बोटं उचलून पुन्हा ठेवली. मग दुसरा हात मागितला. त्यांच्या तोंडावरचं हसू कधी गेलं ते मला कळलं नाही. तिसऱ्यांदा मोजताना त्यांचे ओठ हलत होते.

"किती आहे?" मी विचारलं.

त्यांनी आकडा सांगितला नाही. "पळून आल्यावर माजी एवढी नव्हती," म्हणाले. मग एकदम उठले. "कवापासनं सांगतीयास तू मला हे. कवापासनं. उद्या सांगलीला जायचं."

मला तिथंच रडू फुटलं. घाबरून नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या अंगाकडं न बघता अंगात काय चाललंय ते बघितलं होतं.

सांगलीच्या डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनीही आधी वजनाचा आकडा बघून 'छान' म्हटलंच. मी म्हणाले, "बाई, छान म्हणू नका, मला हात जोडायला लावू नका." त्या दचकल्या. मग पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "बोला." मी बोलले. त्यांनी मला दोन्ही हात पुढं पसरायला सांगितले आणि वर एक कोरा कागद ठेवला. कागद थरथरायला लागला. मग पाण्याचा घोट गिळायला लावून मान चाचपली, डोळ्यांत बघितलं. रक्त तपासायला पाठवलं.

थायरॉइड होता. अंगात कमी पडणारा नव्हे, ज्यानं बायका जाड होतात आणि जो सगळ्यांना माहीत असतो. हा उलटा, गरजेपेक्षा जास्त. "गाडी उभी आहे आणि कुणीतरी ॲक्सिलरेटर दाबून धरलाय असं समजा," बाई म्हणाल्या. "असंच चालू राहिलं असतं तर हृदयानं दगा दिला असता." यांनी तक्त्याचं विचारलं, स्वतःचाही राग त्यात मिसळून. बाई म्हणाल्या, "तक्ता खोटा नाही हो. गावभरातल्या हजार माणसांचा अंदाज घ्यायला तो बरा आहे. पण एका माणसापुढं बसून त्याला विचारायचं काम तक्त्याचं नाही, आमचं आहे." कमरेचा घेर बघायला हवा, रक्त बघायला हवं, वजन चढलं-उतरलं तर का, ते विचारायला हवं, असं म्हणाल्या. आणि शेवटी, हे घराण्यात चालू शकतं, तेव्हा लेकीचंही एकदा रक्त तपासून घ्या.

आपल्याला आजार आहे हे ऐकून कुणाला आनंद झालेला मी बघितलेला नाही. मला झाला. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला मोठ्यानं ओरडून सगळ्या सांगलीला सांगावंसं वाटत होतं की बघा, मी खोटं बोलत नव्हते.

गोळ्या सुरू झाल्या. छातीतला ढोल आधी हळू झाला, मग थांबला. मी पेपरांचा गठ्ठा एका बैठकीत तपासला त्या दिवशी सासूबाईंनी शिरा केला. यांची सुट्टी संपली. पुन्हा मेडिकल होतं तेव्हा त्यांनी तालमीतली जुनी चाल वापरली. आधी जेवण तोडलं, मग पाणी तोडलं, घोंगडं पांघरून पळाले, आणि बरोबर हिरव्याच्या काठावर येऊन बसले. फोनवर सांगत होते, "पास झालो. पन हिरव्यात आलो तवा उभं ऱ्हावत नव्हतं गं, डोळ्यांपुढं काजवे." त्यांना हसू येत होतं. मला येत नव्हतं.

आणि माझं वजन परत आलं. जसं गेलं तसंच, मला न विचारता. गाल भरले, बांगड्या मनगटात बसल्या, कुर्ते काखेत काचायला लागले. मला झोप लागत होती, वेलांट्या सरळ येत होत्या, पोरांवर मी फक्त कारण असेल तेव्हाच ओरडत होते. आणि भेटेल तो हळहळत होता. "मॅडम, सोडलं वाटतं डाएट?" "एवढं कमावलेलं घालवलंत की हो." हळदीकुंकवाला एकीनं माझ्या दंडाला हात लावून अशी चुकचुक केली की घरात काहीतरी वाईट घडल्यासारखं वाटावं. सुरुवातीला मी सगळ्यांना थायरॉइड समजावून सांगायची. त्या ऐकायच्या आणि म्हणायच्या, "ते खरं, पण दिसायचीस मात्र छान." बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? मी सोडून दिलं.

लेकीच्या तपासणीचं मात्र माझ्या डोक्यातून जात नव्हतं. ती आज-उद्या करत होती, कधी प्रॅक्टिकल, कधी सबमिशन. शेवटी एका शनिवारी अर्धी रजा टाकून मीच सांगलीला गेले, तिला कॉलेजच्या दारातून उचललं आणि रक्त द्यायला लावलं. रिपोर्ट त्याच दिवशी मिळणार होता. तोवर माझी अशी घालमेल झाली की मला वाटलं आजार परत आला. लॅबच्या बाकड्यावरून मी उठत होते, बसत होते. माझ्या पोटी आलेलीला माझं हे भोगायला लागू नये, एवढंच देवाला म्हणत होते. कितीही जाड राहू दे, म्हणत होते, पण हिची छाती अशी धडधडू देऊ नको.

रिपोर्ट आला. सगळं नॉर्मल. थायरॉइड नाही, साखर नाही, रक्तही भरपूर. मी तिथल्या मुलीचे इतके आभार मानले की ती ओशाळली.

एसटीत आम्हाला मागची जागा मिळाली. मी तिला कागद पुन्हा दाखवला. "बघ, काही म्हणजे काही नाही तुला. ठणठणीत आहेस."

ती "हं" म्हणाली आणि खिडकीतून बाहेर बघत राहिली. सांगली मागं पडली. मग तिनं विचारलं, "आई, पण पुढं होऊ शकतो ना? डॉक्टर म्हणाल्या होत्या, घराण्यात चालतो."

पोर घाबरलीय, असं मला वाटलं. माझ्याकडं बघून किती दिवस आत धसका घेऊन बसली असेल. मी तिचा हात हातात घेतला. "नाही गं राणी. वर्षातून एकदा बघत राहू आपण. तू घाबरू नकोस."

"घाबरत नाही," ती म्हणाली. माझ्याकडं न बघता, अगदी हळू. "थोडासा झाला तरी चालेल. फक्त गॅदरिंगपर्यंत."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. छाती, घाम, थरथरणारे हात, रात्र रात्र जागं राहणं, हे सगळं तिनं घरातल्या घरात बघितलं होतं. माझी नाडी मोजताना बापाचा उतरलेला चेहरा तिच्यासमोरच होता. आणि एवढं बघूनही तिच्या लक्षात राहिला होता तो एम मापाचा कुर्ता. मला तिला गदागदा हलवून सांगायचं होतं. पण काय सांगणार? मी आजारी आहे हे लोकांना पटवता पटवता माझे महिने गेले होते. ही निरोगी आहे, हे तिचं तिलाच पटत नव्हतं, आणि ते पटवायला माझ्या हातात एक कागद होता, जो वाचून तिचा चेहरा पडला होता.

"असं बोलू नये," एवढंच मी म्हणाले. फार जुन्या बायकांसारखं.

आष्टा आलं. गाडीत थोडी माणसं उभी होती. ती उठली, दप्तर पाठीवरून काढून पोटापुढं धरलं, श्वास आत ओढून घेतला आणि माणसांच्या मधून अंग चोरत पुढं निघाली. वाट चांगली मोकळी होती. कुणी तिला अडवत नव्हतं.